तीन, तीन, तीन, दोन

पडद्यावरच्या चित्राची तीन आडवी चौकोनी घरं, म्हणजे पिक्सेल, भरायची, मग एक घर वर जायचं. पुन्हा तीन, पुन्हा एक घर वर. पुन्हा तीन. मग दोन. मग सगळं पहिल्यापासून. अशा पायऱ्यांनी चढत गेलेली रेष आडव्या रेषेशी जवळपास नेमका 20 अंशांचा कोन करते. अकरा घरं पुढे, चार घरं वर. आता हे मी न मोजता करते, हात आपोआप तसा चालतो. पण ही मोजणी पहिल्यांदा जुळली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला खुर्चीत बसवेना. उठून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या आणि मग पुन्हा बसून ती रेष मोठी करून पाहिली.

ती रेष आइसब्रेकरच्या, म्हणजे बर्फ फोडत वाट काढणाऱ्या जहाजाच्या, नाळेची होती. नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. बहुतेक मालवाहू जहाजांची नाळ पाण्यात बऱ्यापैकी उभी उतरते. आइसब्रेकरची तशी उतरत नाही. पाण्याच्या पातळीपाशी आली की ती मागे झुकते आणि एखाद्या उतरणीसारखी पोटाखाली जाते. ही उतरण किती तिरकी, यावर जहाज बर्फात चालणार की अडकणार हे पुष्कळसं ठरतं. आणि मी ज्या चौकटीत चित्र काढते तिथे तिरकं असं काही नसतंच. तिथे फक्त पायऱ्या असतात.

पिक्सेल आर्ट करणाऱ्याला तीन तिरक्या रेषा पाठ असतात. एकास एक, म्हणजे 45 अंश. दोन घरं पुढे आणि एक वर, म्हणजे साधारण 26.6 अंश. तीन पुढे, एक वर, म्हणजे 18.4. या रेषा स्वच्छ दिसतात, कारण प्रत्येक पायरी सारखी असते. मधला कुठलाही कोन हवा असेल तर पायऱ्या मिसळाव्या लागतात आणि मिसळताना जरा चूक झाली की रेषेला दाते फुटतात. या दात्यांना आम्ही जॅगीज म्हणतो. आइसब्रेकरच्या नाळेचा कोन पुष्कळदा या स्वच्छ रेषांच्या मधोमध येऊन पडतो. पहिली दोन वर्षं मी त्याच्याकडे कानाडोळा केला. सरळ दोनास एकची रेष ओढायची आणि पुढे जायचं. जहाजं देखणी दिसत होती.

माझी एक मैत्रीण जहाजांची रचना करते. तिला मी एकदा आठ चित्रं एकाखाली एक लावून दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, या सगळ्यांना एकच नाळ आहे."

मी म्हटलं, "मग? सगळी बर्फच फोडतात ना?"

"कुठला बर्फ?" तिने विचारलं.

या प्रश्नाने माझं पुढचं सगळं काम बदललं. नदीतला बर्फ वेगळा, बाल्टिक समुद्रातला वेगळा, ध्रुवाजवळचा वर्षानुवर्षं साचलेला वेगळा. वर हिम पडलेलं असेल तर आणखी वेगळा. आणि प्रत्येक बर्फासाठी माणसांनी वेगळी नाळ शोधून काढली आहे. माझ्या चित्रांत हे सगळं एकाच सोयीच्या रेषेखाली दडपलं गेलं होतं.

बर्फ कापायचा नसतो, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. धारदार नाळ सुरीसारखी बर्फात घुसत असेल असं डोळ्यांना वाटतं. पण बर्फाला नुसतं समोरून दाबलं तर तो पुष्कळ सोसतो. वाकवलं तर मात्र त्याहून कितीतरी कमी जोरात तुटतो. म्हणून जहाज पुढे सरकताना त्या उतरणीवरून बर्फाच्या कडेवर चढतं आणि आपल्या वजनाने ती कड खाली वाकवतं. कड मोडते. मोडलेले तुकडे साधारण चंद्रकोरीच्या आकाराचे असतात. ते उलटतात, जहाजाच्या अंगाला घासत पोटाखाली जातात, काही बाजूच्या अखंड बर्फाखाली सरकतात, बाकीचे मागच्या वाटेत वर येऊन तरंगतात. म्हणजे इंजिनाची ताकद नाळ बर्फावर चढवते आणि मोडण्याचं काम जहाजाचं ओझं करतं.

याची एक सुरुवात 1864 सालची आहे. क्रोनश्टाट या रशियन बंदरातला मिखाईल ब्रित्नेव हा व्यापारी. त्याचं 'पायलट' नावाचं एक छोटं वाफेचं जहाज होतं. क्रोनश्टाट आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचं ओरानियेनबाउम यांच्यामधलं पाणी हिवाळ्यात गोठायचं आणि वाहतूक बंद पडायची. ब्रित्नेवने 'पायलट'ची नाळ कापून 20 अंशांच्या उतरणीची करून घेतली. त्यामुळे ते जहाज बर्फावर चढू लागलं आणि शरदात व वसंतात प्रवासाचे काही आठवडे वाढले. पुढे एका कडक हिवाळ्यात हॅम्बुर्गचं बंदर गोठलं, तेव्हा तिथल्या लोकांनी या रचनेकडे धाव घेतली आणि 1871 मध्ये 'आइसब्रेखर 1' हे जहाज बांधलं.

20 अंश. तीन, तीन, तीन, दोन. त्या रात्री मी 'पायलट'चीच नाळ काढत होते.

माझं प्रमाण ठरलेलं आहे. एक पिक्सेल म्हणजे 25 सेंटीमीटर. सगळी जहाजं याच मापाने, म्हणजे कुठलीही दोन शेजारी ठेवली तरी खरी तुलना व्हावी. 1959 मध्ये सेवेत आलेलं 'लेनिन', अणुशक्तीवर चालणारं जगातलं पहिलं पृष्ठभागावरचं जहाज, 134 मीटर लांब. माझ्याकडे ते 536 पिक्सेल भरतं. 2020 मध्ये दाखल झालेलं नवं 'आर्क्तिका' 173 मीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ 693 पिक्सेल. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेन याचं लाकडी 'फ्राम' 39 मीटर, 156 पिक्सेल. उभा माणूस सात पिक्सेल उंच होतो: एक डोक्याचा, तीन अंगरख्याचे, तीन पायांचे. चेहरा नाही, हात असलाच तर अर्धवट. तरी तो माणूस आहे हे लगेच कळतं.

अमेरिकी तटरक्षक दलाचं 'पोलर स्टार' 1976 पासून काम करतंय. ते न थांबता, सलग सहा फूट जाडीचा बर्फ फोडत जातं. सहा फूट म्हणजे सात पिक्सेल. ते चित्र काढताना बर्फाची कड आणि तिच्याशेजारी उभा केलेला माणूस अगदी एका उंचीचे झाले. आकडा मला आधीपासून ठाऊक होता. पण माणसाएवढ्या उंचीची बर्फाची भिंत आणि तिच्यावर चालून जाणारं 122 मीटरचं लाल जहाज, हे सात पिक्सेलांशेजारी सात पिक्सेल ठेवल्यावरच माझ्या अंगावर आलं.

या मापाचा त्रासही आहे. डेकच्या कठड्याचा पाइप पाच सेंटीमीटर जाडीचा धरला तर तो पिक्सेलचा पाचवा हिस्सा झाला. पाचवा हिस्सा भरता येत नाही. एक तर कठडा गाळायचा, नाही तर पाचपट जाड काढायचा. गाळला तर जहाज ओकंबोकं दिसतं, जाड काढला तर तुरुंगासारखं. यावर उपाय रंगाचा. कठड्याचा पिक्सेल पूर्ण पांढरा न भरता मागच्या आकाशाच्या रंगात थोडासाच पांढरा मिसळायचा, म्हणजे डोळा त्याला बारीक समजतो. हे मिश्रण संगणकावर सोडून देता येतं, पण मी देत नाही. तो सगळीकडे सारखंच मऊ करतो. कुठला कठडा उन्हात आहे आणि कुठला सावलीत हे त्याला ठाऊक नसतं. माझ्या कामाचा निम्मा वेळ कठडे, शिड्या आणि डोलकाठ्यांचे दोर यांतच जातो आणि तो मला कधीच वाया गेला असं वाटलेलं नाही.

एके काळी ही बंधनं यंत्राची होती. गेम बॉय या हातात धरायच्या व्हिडिओ गेमचा पडदा 160 बाय 144 पिक्सेलांचा आणि त्यावर चार छटा. त्या काळच्या चित्रकारांना तेवढ्यातच भागवावं लागे. आज तसं काहीच नाही, हवा तेवढा मोठा पडदा, कोट्यवधी रंग. तरी मी 24 रंगांच्या पट्टीत राहते, कारण रंग मोजके असले की प्रत्येक ठिपक्याला कारण द्यावं लागतं. ब्रशने रंगवताना एखादा कोपरा धूसर ठेवून वेळ मारून नेता येते. इथे प्रत्येक घर भरलेलं तरी असतं किंवा रिकामं तरी. खिडक्या किती आहेत हे ठाऊक नसेल तर चित्र पुढे सरकत नाही, मग नकाशे आणि छायाचित्रं धुंडाळायला उठावं लागतं.

रंगांच्या बाबतीत आइसब्रेकरइतकं उदार जहाज दुसरं नाही. पांढऱ्यात हरवू नये म्हणून त्यांना भडक रंगवतात. रशियन अणुजहाजांचं अंग काळं आणि वरचे मजले नारिंगी-लाल. कॅनडाच्या तटरक्षक दलाची लाल, अंगावर तिरका पांढरा पट्टा. जर्मनीचं संशोधन जहाज 'पोलारस्टर्न' निळं. 'यामाल' या रशियन जहाजाच्या नाळेवर तर शार्कचा जबडा रंगवलेला आहे, दातांसकट. पहिलं 'यामाल' काढलं तेव्हा सवयीने वर धुराची एक सुंदर लकेर काढली होती. सात करड्या छटा, वाऱ्याने मागे वळलेल्या. काढून झाल्यावर लक्षात आलं की अणुभट्टीवर चालणाऱ्या जहाजातून असा धूर निघत नाही. लकेर पुसली. चित्र एकदम शांत झालं. त्या मोकळ्या झालेल्या आकाशामुळे हे जहाज जुन्या वाफेच्या जहाजांपासून किती दूर आलं आहे ते मला आधी कधी दिसलं नव्हतं इतकं स्पष्ट दिसलं.

याहून मोठी चूक 'क्रासिन'ची. 1928 च्या मे महिन्यात इटलीच्या उंबेर्तो नोबिले यांचं 'इतालिया' हे वायूने भरलेलं हवाईजहाज ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळलं. वाचलेली माणसं एका तंबूत राहिली. वरून विमानांना दिसावा म्हणून त्यांनी तो तंबू लाल रंगवला होता. अखेर 12 जुलैला सोव्हिएत आइसब्रेकर 'क्रासिन' उरलेल्यांपर्यंत पोचलं. मला हे दृश्य काढायचं होतं: जवळजवळ 400 पिक्सेलांचं काळं जहाज, मध्ये पसरलेला तुटका बर्फ, आणि दुसऱ्या टोकाला मूठभर लाल ठिपके. 'क्रासिन' आज सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीच्या काठी संग्रहालय म्हणून उभं आहे, त्याची छायाचित्रं हवी तेवढी मिळतात. मी त्यांवरून तीन आठवडे काम केलं. प्रत्येक खिडकी, प्रत्येक शिडी. मग 1928 ची एक जुनी छबी हाती लागली आणि पोटात गोळा आला. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या विस्मार इथे 'क्रासिन'ची जवळजवळ नव्याने बांधणी झाली आहे. वरचा डोलारा बदललेला. मी 1928 च्या बर्फात एक कितीतरी वर्षांनंतरचं जहाज उभं केलं होतं.

मी ते चित्र दुरुस्त केलं नाही, पाण्याच्या पातळीवरचं सगळं खरवडून पुन्हा काढलं. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या फाइलच्या नावात जहाजाच्या नावापुढे साल असतं. जहाजांनाही वय असतं, त्यांचेही चेहरे बदलतात.

पाण्याच्या पातळीवरचं आणि खालचं, हा या कामातला माझा सगळ्यात मोठा पेच आहे. छायाचित्रांत आइसब्रेकर दिसतो तो पाण्यावरचा: रंग, खिडक्या, क्रेन, हेलिकॉप्टर उतरवायची जागा. त्याची अक्कल मात्र सगळी पाण्याखाली असते. नाळेची उतरण खाली, गोल पोट खाली, बर्फाचे घाव सोसणारे पंखे आणि सुकाणू खाली. मालवाहू जहाजाच्या नाळेखाली पुष्कळदा कांद्यासारखा फुगवटा असतो, खुल्या समुद्रात लाटांचा विरोध कमी करणारा. आइसब्रेकरला तो सहसा नसतो, कारण बर्फावर चढायच्या वाटेत तो आडवाच येईल. लोळण, म्हणजे डावी-उजवीकडे झुलणं, कमी करण्यासाठी इतर जहाजांच्या पोटाला दोन बाजूंनी पट्ट्या जोडतात, इथे त्याही बहुधा नसतात, बर्फ त्या उखडून टाकेल. त्यामुळे खुल्या समुद्रात ही जहाजं भयंकर लोळतात. बर्फात जी स्थिर आणि भारदस्त, ती उघड्या पाण्यात आली की खलाशांचे हाल करतात.

आता मी पाणी काढतच नाही. म्हणजे पाण्याचा फक्त एक पिक्सेल जाडीचा पट्टा काढते आणि त्याखाली जहाजाचं अंग पूर्ण दाखवते. नव्या 'आर्क्तिका'चे साडेदहा मीटर पाण्याखाली असतात, म्हणजे 42 पिक्सेल. बघणाऱ्यांपैकी काहींना हे आवडत नाही. त्यांना वाटतं की जहाज गोदीत कोरडं उभं असल्यासारखं दिसतं. त्यांचं म्हणणं मला पटतं, तरी माझा निर्णय मी बदलत नाही. त्या 42 ओळींशिवाय वरचा सगळा थाट कशासाठी, ते कळतच नाही.

पातळीच्या जागेवर मी रंग थोडा खरवडते. बर्फ सतत घासून रंग उडतो, म्हणून त्या पट्ट्यात कडक, गुळगुळीत इपॉक्सी लेप देतात, काही जहाजांवर गंजरोधक पोलादाचं आवरणही असतं. तरी काम करून परतलेल्या जहाजाच्या अंगावर ओरखडे असतातच. हे ओरखडे आडवे नसतात. बर्फाचे तुकडे नाळेपाशी खाली आणि मागे सरकतात, तसे तेही तिरके उतरतात. हे मला खूप उशिरा दिसलं. आधी मी ते सगळे आडवे काढत होते.

काही जहाजं मात्र बाजूच्या चित्रात मावतच नाहीत. 2014 चं 'बाल्तिका' त्यातलं. 76 मीटरचं छोटं जहाज, पण त्याचं अंग दोन बाजूंना सारखं नाही. एक बाजू उतरती आहे, आणि ते जहाज चक्क तिरकं होऊन, कुशीवर चालल्यासारखं बर्फात सरकतं. त्यामुळे आपल्या रुंदीपेक्षा कितीतरी रुंद वाट मोकळी करतं. समोरून जहाज काढताना आम्ही सगळे एक लबाडी करतो: अर्धं काढायचं आणि उलटवून दुसरं अर्धं चिकटवायचं. 'बाल्तिका'ने ती सोय काढून घेतली. त्याचे दोन्ही अर्धे मला वेगवेगळे काढावे लागले, आणि त्या चित्राइतकं प्रेम मला दुसऱ्या कुठल्या चित्राबद्दल वाटत नाही.

जपानच्या 'शिरासे'ने वेगळी परीक्षा घेतली. बर्फावर साचलेलं हिम जहाजाच्या अंगाला घट्ट धरून ठेवतं, म्हणून 'शिरासे' नाळेपाशी पाण्याचे फवारे मारून ते भिजवतं. पांढऱ्या हिमावर पांढरं पाणी, मागे पांढरं आकाश. तीन पांढरे.

खरं तर हाताला सगळ्यात जड जातो तो बर्फ. जहाज माणसांनी केलेलं असतं, त्याला नकाशा असतो, मापं असतात. बर्फाला काहीच नसतं. सुरुवातीला मी तो पांढरा काढायचे आणि जहाज कागदावर चिकटवल्यासारखं दिसायचं. मग छायाचित्रांतले रंग एकेक करून उचलून पाहिले आणि चकित झाले. शुद्ध पांढरा जवळजवळ नव्हताच. नुकता गोठलेला पातळ बर्फ गडद, शिशाच्या रंगाचा, खालचं पाणी त्यातून दिसतं. पहिल्या हिवाळ्याचा जाड बर्फ करडा आणि दुधी. वर्षानुवर्षं टिकलेल्या बर्फातलं मीठ झिरपून गेलेलं असतं. तो निळसर दिसतो आणि तोच सर्वांत टणक. जहाजाने तो मोडला की तुकडा उलटतो आणि त्याची खालची बाजू वर येते, कधी हिरवट निळी, कधी चक्क तपकिरी, कारण बर्फाच्या तळाला सूक्ष्म शेवाळ वाढतं. पांढऱ्या प्रदेशातल्या चित्रात तपकिरी रंग ठेवताना माझा हात थरथरला होता. ठेवला, आणि बर्फाला पहिल्यांदा जाडी आली.

माझ्या 24 पैकी सात रंग आता बर्फाचे आहेत. सावली करडी करायची नाही, जांभळ्याकडे झुकवायची. ऊन खूप तिरकं असतं, म्हणून उन्हाची बाजू किंचित पिवळी. शुद्ध पांढरा फक्त एका जागी: बर्फाच्या दोन लाद्या एकमेकींवर रेटून जे बांध उभे राहतात, त्यांच्या माथ्यावर. एका चित्रात तीस-चाळीस पिक्सेल, त्याहून जास्त नाहीत. दोन रंगांचे ठिपके आळीपाळीने भरून तिसऱ्याचा भास निर्माण करतात, त्याला डिदरिंग म्हणतात. पोलादावर मी ते मुळीच करत नाही, पोलाद मळकट दिसतं. बर्फावर मात्र ते असं शोभतं की जणू त्यासाठीच जन्माला आलं: वाऱ्याने उडालेलं हिम हुबेहूब तसंच पसरतं.

सध्या एक चित्र माझ्यासमोर दोन महिन्यांपासून उघडं आहे. त्यात बर्फ मोडत नाही. त्यात दोन जहाजं आहेत, दोघंही थांबलेली.

पहिलं 'फ्राम'. जहाजं बांधणाऱ्या कॉलिन आर्चरने नान्सेनसाठी बांधलं आणि 1893 मध्ये निघालं. ते बर्फ फोडण्यासाठी नव्हतंच. बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जावं, म्हणून त्याचं पोट गोल ठेवलं होतं. भिंती इतक्या जाड की माझ्या मापातही त्यांना जवळजवळ तीन पिक्सेल द्यावे लागले असते, छेद दाखवला असता तर. नान्सेनने ते मुद्दाम गोठू दिलं आणि प्रवाहाबरोबर वाहत राहिला. 1896 मध्ये ते बर्फातून सुटलं. दुसरं 'पोलारस्टर्न', 118 मीटर, 472 पिक्सेल. ऑक्टोबर 2019 मध्ये 'मोझेक' या ध्रुवीय संशोधन मोहिमेसाठी ते एका हिमलादीला बांधून ठेवलं, तसंच वाहत जाण्यासाठी, 'फ्राम'च्याच कल्पनेवर. दीड मीटर बर्फ सहज फोडू शकणारं जहाज, आणि त्याने फोडायचं नाही, बर्फाबरोबर जायचं. जुलै 2020 च्या अखेरीस ती लादी फुटली ती ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या पाण्यात. त्या पाण्याचं नावच फ्राम सामुद्रधुनी.

दोन्ही जहाजं मी एकाच रात्रीत ठेवली आहेत, ध्रुवीय रात्रीत, एकाखाली एक. सात बर्फरंग बाजूला ठेवून चार नवे काळे तयार करावे लागले. खालच्या पट्टीत 'पोलारस्टर्न'चे दिवे: डेकवर प्रखर झोत, बर्फावर पसरलेला उजेड, त्यात सात पिक्सेल उंचीची माणसं आणि त्यांच्या लांब सावल्या. हे काम जवळजवळ झालं आहे.

वरच्या पट्टीत काही आठवडे नुसता अंधारच होता. मग वाचलं की 'फ्राम'वर एक पवनचक्की होती. तिच्यावर वीज तयार करून ते दिवे लावायचे. म्हणून परवा डेकवर पवनचक्की उभी केली, सगळी मिळून 22 पिक्सेल, आकाशापेक्षा जेमतेम एक छटा उजळ. काल रात्री तिच्याखाली एका खिडकीत एक पिक्सेल पिवळा केला. खिडकीबाहेरच्या बर्फावर त्याचा उजेड किती पडला असेल, दोन घरं की तीन, एवढं ठरवायचं राहिलं आहे.